तीन सोहळे, एक मे महिना आणि वडोदऱ्याचं ऊन

एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं आहे:

"आम्ही मूळचे वसईचे, नोकरीमुळे वडोदऱ्यात मांजलपूरला स्थायिक. मोठा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याचं पहिलं कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा संस्कार) पॅरिशनं, म्हणजे आमच्या चर्चनं, ३ मे २०२६, रविवारी, सगळ्या मुलांबरोबर ठेवलं आहे. धाकटी पाच महिन्यांची, तिचा बाप्तिस्मा राहिला आहे. नवा फ्लॅट घेतला, त्याचा आशीर्वादही व्हायचा आहे. सासूबाई एप्रिलअखेर येऊन जूनच्या मध्यापर्यंत राहतील. त्यांचं म्हणणं, कम्युनियन आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकू, ऐंशी माणसं बोलावू, गच्चीवर दुपारचं जेवण घालू. मला उन्हाची धास्ती वाटते. फादरांना घरी बोलावून बाप्तिस्मा करता येईल का, की सरळ डिसेंबरपर्यंत थांबू? शेजारची जिवलग मैत्रीण हिंदू आहे, तिला गॉडमदर करायचं माझ्या मनात आहे. शिवाय मे महिन्यातली घरची जपमाळ मुलांना कंटाळवाणी होते, त्याचं काय करू?"

प्रिय ताई,

तिन्ही सोहळे वेगवेगळ्या दिवशी करा. सासूबाई दीड महिना घरात आहेत, मग एकाच दिवशी सगळं कोंबायची गरजच उरत नाही. दोन संस्कार एका मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) घ्यायला धर्मसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, मनाई नाही, पण घरात काय होतं ते पाहा. तान्हं बाळ सगळ्यांचं लक्ष ओढून घेतं आणि आठ वर्षांचा मुलगा, जो वर्षभर कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला) गेला, तो आपल्याच दिवशी कोपऱ्यात उभा राहतो. त्याचा दिवस त्याला मिळायला हवा.

आमच्या मते क्रम असा लावा. ३ मे ला कम्युनियन. मधल्या एखाद्या संध्याकाळी घराचा आशीर्वाद. २४ मे ला पेन्टेकॉस्टच्या रविवारी बाप्तिस्मा. आणि सासूबाई परतण्याआधी, १२ जूनच्या शुक्रवारी, येशूच्या पवित्र हृदयाच्या सणाला घरी तसबिरीची स्थापना. पेन्टेकॉस्ट सुचवतो ते उगीच नाही. पास्काची मोठी मेणबत्ती ईस्टरपासून त्या दिवसापर्यंत वेदीजवळ उभी असते आणि बाळाची मेणबत्ती तिच्यावरूनच पेटवतात. पवित्र आत्म्याच्या सणाला बाप्तिस्मा मिळणं ही तुमच्या लेकीसाठी आयुष्यभर सांगण्यासारखी गोष्ट ठरेल. काही पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याचे रविवार ठरलेले असतात, म्हणून ऑफिसात आजच विचारा. २४ तारीख बसत नसेल तर ३१ मे धरा.

डिसेंबरपर्यंत मात्र थांबू नका. धर्मसभेचा कायदा आईवडिलांना सांगतो की जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा करावा. तुमचे पाच महिने आधीच गेले आहेत. आणि घरी बाप्तिस्मा होत नाही. नेहमीच्या परिस्थितीत तो चर्चमध्येच द्यायचा असतो, ऊन हे त्याला पुरेसं कारण नाही. बाळाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी: तेव्हा कोणीही, अगदी नर्ससुद्धा, धर्मसभेचा हेतू मनात धरून पाणी ओतून आणि ठरलेले शब्द म्हणून बाप्तिस्मा देऊ शकते. उन्हाचा उपाय घड्याळात आहे. सकाळी सातच्या मिस्सेला जोडून किंवा तिच्यानंतर लगेच बाप्तिस्मा मागा, नऊच्या आत घरी याल.

आता मैत्रिणीचं. हे अवघड आहे आणि लवकर बोलावं लागेल. गॉडमदर किंवा गॉडफादर कॅथलिक असावा लागतो, सोळा वर्षं पूर्ण झालेला, कम्युनियन आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) दोन्ही झालेला आणि श्रद्धेनं जगणारा. तो बाळाचा आई किंवा बाप असून चालत नाही. दोघं हवेतच असं नाही, एक असला तरी पुरतो, आणि दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची बाप्तिस्मा झालेली व्यक्ती कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीनं साक्षीदार म्हणून उभी राहू शकते, पण मैत्रिणीच्या बाबतीत तोही मार्ग नाही. नियमाचं कारण सरळ आहे: त्या व्यक्तीनं बाळाला ख्रिस्ती श्रद्धेत वाढवायला मदत करायची असते, आणि जी श्रद्धा तिची स्वतःची नाही तिचं वचन तिच्याकडून घेणं तिच्यावरही अन्याय आहे. चर्चच्या दारात सांगण्यापेक्षा आठवडाभरात तिच्या घरी जाऊन, चहा घेता घेता सांगा. आणि तिला खरं काम द्या. बाप्तिस्म्याच्या सकाळी बाळाला पांढरे कपडे तिनं घालावेत, चर्चपर्यंत तिनं कडेवर न्यावं. मनात असेल तर आदल्या आठवड्यात घरी पाळणा बांधून नाव ठेवायची संध्याकाळ करा आणि पाळणा तिला म्हणू द्या. ती घरगुती रीत आहे, संस्कार नव्हे, त्यामुळे कशाशी टक्कर होत नाही.

कागदपत्रांची सुरुवात या आठवड्यातच करा, कारण मे महिन्यात पॅरिश ऑफिसांवर लग्नांचा भार असतो. बाळाचा जन्मदाखला, तुमच्या लग्नाचा चर्चचा दाखला आणि गॉडपेरेंट वसईचे असतील तर त्यांच्या पॅरिशचं पत्र किंवा दृढीकरणाचा दाखला लागेल. आईवडिलांसाठी तयारीचा वर्गही असतो, त्याची तारीख विचारून घ्या. गॉडफादरला येता आलं नाही तर त्याच्या वतीनं दुसरा उभा राहू शकतो आणि तशी नोंद होते, पण हे फादरांना आधी कळवावं लागतं. सगळ्यात जास्त घोळ नावाच्या स्पेलिंगचा होतो. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये तिसरं. हीच नोंद पुढे कम्युनियनला, दृढीकरणाला आणि लग्नाला काढावी लागते, आणि वीस वर्षांनी दुरुस्ती करायला फार धावपळ होते. जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि रजिस्टरमध्ये उतरलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

बाळाच्या कपड्यांविषयी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. विधीत छातीवर तेल लावतात, मग डोक्यावर तीनदा पाणी ओततात, मग टाळूवर क्रिझ्म नावाचं पवित्र तेल. म्हणजे झबलं पुढून उघडणारं हवं, आणि डोक्यावर हेअरबँड किंवा घट्ट टोपी नको. मागून बटणं असलेला सॅटिनचा गाऊन घातला तर ऐन वेळी बाळ उघडं करावं लागतं आणि ते किंचाळतं. सॅटिन, नेट, पॉलिस्टर या कापडांत घाम वाळत नाही, मानेवर पुरळ येतं. मलमलीचं किंवा पातळ सुती झबलं शिवून घ्या, वरून हलकी पांढरी शाल. सोबत एक मऊ टॉवेल, एक कोरडा जोड. विधीच्या अर्धा तास आधी दूध पाजा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, उन्हाळ्यातही वरून पाणी नको, फक्त अंगावर जास्त वेळा घ्या. त्या दिवशी तुम्ही स्वतः पाणी प्यायला विसराल, ते कुणाला तरी आठवण करायला सांगून ठेवा.

मेणबत्ती हा वडोदऱ्याच्या मेमधला वेगळाच प्रश्न. बंद गाडीत ठेवलेली बाप्तिस्म्याची मेणबत्ती तासाभरात वाकते आणि पुन्हा सरळ करताना मोडते. कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये आडवी ठेवा, सकाळी थेट हातात न्या. मुलाच्या कम्युनियनच्या मेणबत्तीलाही हेच.

आता ३ मे. मुलाच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका उपवासाच्या होतात. आजी म्हणेल, आदल्या रात्रीपासून काही नको. जुन्या काळी मध्यरात्रीपासून उपवास असे, पण आजचा नियम कम्युनियन घेण्याआधी एक तासाचा आहे, मिस्सेच्या आधी नव्हे. पाणी आणि औषध यांनी उपवास मोडत नाही. उपाशी पोट, अंगावर ब्लेझर आणि तासभर उभं राहणं यामुळे मुलं चक्कर येऊन पडतात. सातची मिस्सा असेल तर कम्युनियन पावणेआठच्या सुमारास येतं. साडेपाच-सहाला एक केळं आणि अर्धी भाकरी किंवा एक ठेपला द्या. दूध नको, काही मुलांना त्यानं मळमळतं. चर्चमध्ये शिरण्याआधी चार घोट पाणी प्यायला सांगा, कारण कोरड्या तोंडात ख्रिस्तप्रसाद टाळूला चिकटतो आणि मूल घाबरतं. हातावर घ्यायचा असेल तर डावा तळवा वर, उजवा खाली. बाजूला सरकायचं आणि तिथंच तोंडात ठेवायचा, जागेवर नेऊन नव्हे. घरी चार-पाच वेळा सराव पुरे. ब्लेझर नको, पांढरा सुती शर्ट आणि पँट छान दिसते.

पापांची पहिली कबुली कम्युनियनच्या आधी व्हावी लागते, पॅरिश ती बहुधा त्याच आठवड्यात ठेवतं. पश्चात्तापाची प्रार्थना त्याला ज्या भाषेत पाठ आहे त्याच भाषेत म्हणू दे, मग ती इंग्रजी असो की गुजराती. आणि बाहेर आल्यावर "काय सांगितलंस फादरांना?" हे कुणीही विचारू नये. आजीनंही नाही.

त्या दिवशी दुपारचं जेवण ठेवू नका. वडोदऱ्यात मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि गच्चीचा स्लॅब रात्री नऊपर्यंत गरम राहतो. त्याऐवजी साडेनऊला घरातच पंचवीस माणसांचा नाश्ता करा. रविवारी सकाळी फाफडा-जलेबी आणि खमण गरम मिळतं, तेच आणा. सेव उसळ त्या दिवशी नको, पांढऱ्या शर्टावर तिचा तेलकट रस्सा सांडला की डाग सहज निघत नाही. केक क्रीमचा घेऊ नका. बटरक्रीम तिशीतच मऊ पडतं आणि पस्तिशीत वाहू लागतं. रव्या-नारळाचा करा: अर्धा किलो रवा, ४०० ग्रॅम साखर, २५० ग्रॅम लोणी, सहा अंडी, दोन नारळांचा चव, एक चमचा बेकिंग पावडर, वेलची. लोणी-साखर फेटून अंडी घाला, मग रवा आणि चव, आणि मिश्रण रात्रभर फुगू द्या. मात्र फ्रिजमध्येच. ओट्यावर ठेवलं तर सकाळपर्यंत नारळ आंबतो आणि केकला कडसर वास येतो. १८० अंशांवर पाऊण तास. सुरी कोरडी निघाली की झालं.

ऐंशी माणसांचा हट्ट सासूबाईंचा असेल तर त्यांना चाळीसपर्यंत आणा आणि बाप्तिस्म्याच्या रात्री आठला जेवण ठेवा. गच्ची हवी असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. पाणी पाचला शिंपडा, सातला शिंपडलं तर नुसती वाफ उठून घुसमट होते. दहानंतर स्पीकर बंद, तो कायदाच आहे.

जेवणात फुगे (मैद्याचे तळलेले गोळे) आणि इंद्याल (व्हिनेगर घातलेला मांसाचा रस्सा) असलेच पाहिजेत, नाहीतर वसईचा बाप्तिस्मा वाटत नाही. हे काम सासूबाईंकडे द्या, पण दोन गोष्टी त्यांना सांगा. फुग्यांचं पीठ इथल्या उन्हात फार लवकर फुगतं. चाळीस माणसांना दीड किलो मैदा, तीन अंडी, ४०० मिली नारळाचं दूध, १०० ग्रॅम साखर, चार-साडेचार चहाचे चमचे मीठ आणि ५०० ते ६०० मिली पाणी. १२० फुगे होतात. सुकं यीस्ट एरवी १५ ग्रॅम घालतात, मेमध्ये ८ ग्रॅम पुरे, आणि पाणी फ्रिजचं. तासाभरातच बघायला लागा. दुप्पट झालं की लगेच तळायला घ्या, एकदम सगळं तळून होत नसेल तर अर्धं पीठ फ्रिजमध्ये ठेवा. जास्त फुगलं तर मधली जाळी कोसळते, फुगे चपटे होतात, तेल पितात आणि आंबट लागतात. मूठ ओली करून अंगठा आणि तर्जनीमधून पीठ पिळायचं, तेल मध्यम आचेवर. नारळाचं दूध त्याच दिवशी काढलेलं हवं.

इंद्यालात व्हिनेगर असतं म्हणून ते इतर रश्शांपेक्षा जरा टिकतं, पण भरवसा ठेवू नका. बत्तीस अंशांच्या वर शिजवलेलं मांस तासाभराहून जास्त बाहेर राहू नये. लहान पातेल्यांतून वाढा, मोठं पातेलं मंद आचेवर गरमच ठेवा. मेयॉनीजची सँडविचं अजिबात नकोत. इमारतीतले शेजारी गुजराती किंवा जैन असतील तर त्यांचं जेवण आधी शिजवा, वेगळ्या तेलात तळा, वेगळ्या टेबलावर लावा. फुग्यांत अंडं आहे हे तोंडी सांगा, पाटी वाचली जात नाही. जैन पाहुण्यांसाठी कांदा, लसूण, बटाटा नसलेली एक भाजी पुरते.

एक गोष्ट सासूबाई निघण्याआधी फोनवर बोला. घरची वाईन किंवा खिमाड (मसाल्याची दारू) पिशवीत घालून आणू नका. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, १९४९ चा कायदा आजही लागू आहे, आणि सण घरगुती आहे म्हणून सूट मिळत नाही. टोस्ट कोकमाच्या सरबतानं करा, रंगही सुरेख दिसतो. चाळीस पेल्यांना, प्रत्येकी २०० मिली धरून, दीड लिटर सिरप आणि साडेसहा लिटर पाणी. सिरप वसईहून आणता येईल. शिवाय अडीच किलो दह्याची छास, आणि वीस लिटरचे दोन जार पाणी. बर्फ पेयात घालायचा असेल तर पिण्याच्या पाण्याचा, पॅकेटमधला घ्या. लादीचा बर्फ बाटल्या गार करायला.

घराच्या आशीर्वादाला फार लागत नाही. एक छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, बायबल. फादर प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडतात, अर्ध्या तासात होतं. संध्याकाळी साडेसहाला ठेवा आणि चहा-बिस्किटांवर भागवा.

आता जपमाळ. पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग) एका बैठकीत आठ वर्षांच्या मुलाकडून अपेक्षित करू नका. मे महिन्यात रोज एकच दशक: एकदा "आमच्या स्वर्गीय बापा", दहा वेळा "नमो मरिया", पाच-सहा मिनिटं. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग), मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची, जी २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली. रहस्य सांगायचं काम मुलाला द्या, एका वाक्यात. मणी मोजायचं कामही त्याचंच. चर्चमध्ये भाषा गुजराती किंवा इंग्रजी असेल, घरची प्रार्थना मराठीत ठेवा आणि पुढाकार सासूबाईंना द्या. नातवाला मराठी प्रार्थना ऐकायला मिळायचा हाच महिना आहे. पूर्ण पाच दशकं शनिवारी, मोठ्यांनी, मुलं झोपल्यावर.

मरियेच्या मूर्तीला मोगऱ्याचा छोटा मुकुट करा. खंडेराव मार्केटमधून संध्याकाळी कळ्या आणा, ओल्या मलमलीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे दोन दिवस पुरतात. मूर्ती प्लास्टरची असेल तर ओली फुलं थेट टेकवू नका, रंग फुगून सुटतो. खाली केळीच्या पानाचा तुकडा द्या. पंख्याखाली मेणबत्ती एका बाजूनं वितळते आणि मेण कापडावर येतं, म्हणून काचेच्या उंच ग्लासात लावा, पडद्यापासून हातभर लांब. ३१ मे ला मरियेच्या एलिझाबेथ-भेटीचा दिवस असतो. या वर्षी तो पवित्र त्रैक्याच्या रविवारी आला आहे, त्यामुळे मिस्सेत त्रैक्याचा सण साजरा होईल, पण घरी त्या संध्याकाळी भेटीचं रहस्य घेऊन महिना पूर्ण करायला हरकत नाही.

१२ जूनला पवित्र हृदयाची तसबीर बसवायची तर भिंत आत्ताच ठरवा: बैठकीच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला दिसेल अशी, टीव्हीच्या वर नको. सण दर वर्षी बदलतो, पेन्टेकॉस्टनंतर एकोणिसाव्या दिवशीचा शुक्रवार. २०२७ मध्ये तो ४ जूनला येईल. घरात स्थापना करायची ही पद्धत फादर मॅतेओ क्रॉली-बोव्ही यांनी १९०७ मध्ये सुरू केली. फादर तसबिरीला आशीर्वाद देतात, कुटुंब समर्पणाची प्रार्थना म्हणतं, आणि बहुतेक घरांत खाली कुटुंबाच्या सह्या असलेला कागद लावतात. मुलाला स्वतःची सही करू द्या, बाळाची सही म्हणून तिचं नाव सासूबाईंनी लिहावं. फादरांची वेळ मेच्या पहिल्या आठवड्यातच मागा, त्या शुक्रवारी पॅरिशमध्येही मिस्सा असते आणि त्यांना संध्याकाळी उशिराच येता येईल.